जुन्या छंद-मासिकांतला नेमका लेख शोधायचा कसा? (मायफोर्ड एमएल७, सॅडलचं रुंद गाइड)

खराद_बहाद्दर (धागाकर्ता)
लेथ मायफोर्ड एमएल७. बेडवर ठोकलेल्या नंबराआधी 'के' आहे, म्हणजे त्याच कंपनीचं दुसरं मॉडेल, सुपर ७, नव्हे. चकजवळ (काम धरतो त्या टोकाला) सॅडल, म्हणजे बेडवर सरकणारा, हत्यार वाहणारा भाग, हलतं म्हणून जिब (फट कमी करणारी पट्टी) आवळली, तर दुसऱ्या टोकाला, टेलस्टॉककडे, नेताना ते जाम होतं. पुढच्या शिअरची (बेडच्या पुढच्या सपाट पट्टीची) रुंदी मायक्रोमीटरने घेतली. चकपासून चार-पाच इंचांवर ती टेलस्टॉकच्या टोकापेक्षा अडीच थाउ (इंचाचे हजारावे भाग) कमी भरते. मागच्या शिअरची मागची उभी बाजू मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी आहे.

यावर 'रुंद गाइड' हा उपाय आहे आणि त्याचे लेख इंग्लंडातल्या छंद-मासिकांत येऊन गेलेत, इथवर माहिती आहे. हाती एकच झेरॉक्स पान आहे. वर 'भाग २', खाली पान नंबर ७४३. मासिकाचं नाव नाही, तारीख नाही, पाठीमागे जाहिराती. भाग १ मिळवायचा कसा? इंटरनेटवर शोधलं की विकाऊ लेथ तेवढे दिसतात.

लोखंडे_मास्तर
बेड ग्राइंड करून घ्या. विषय संपला.

गंजमित्र
@लोखंडे_मास्तर, एवढ्यानं संपत नाही. शिअरच्या उभ्या बाजू ग्राइंड केल्या की शिअर आणखी अरुंद होते. वरचा पृष्ठभाग घेतला की सॅडल खाली बसतं आणि एप्रनमधले (सॅडलला पुढून टांगलेल्या भागातले) हाफनट लीडस्क्रूच्या (सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूच्या) मध्याखाली जातात. मग लीडस्क्रूचे ब्रॅकेट तेवढेच खाली घ्या, टेलस्टॉकची उंची जुळवा. अडीच थाउसाठी एवढा पसारा कोण मांडणार?

काटेकोर
आधी शोधण्याबद्दल लिहितो.

'मॉडेल इंजिनिअर' १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी सुरू केलं. कित्येक दशकं ते साप्ताहिक होतं, मग पाक्षिक झालं. अंकांचे खंड बांधत, कधी सहामाही, कधी वार्षिक, आणि पान नंबर खंडभर सलग चालत. तुमच्या पानावर ७४३ आहे ते त्यामुळेच. एका अंकात ७४३ पानं कधीच नव्हती. प्रत्येक खंडाची वेगळी छापील अनुक्रमणिका निघायची. म्हणून अंक चाळत बसू नका, अनुक्रमण्या चाळा. दहा वर्षांच्या दहा-वीस अनुक्रमण्या एका संध्याकाळी होतात.

घोळ होतो तो शीर्षकांमुळे. लेखाच्या नावात 'मायफोर्ड' असेलच असं नाही. 'छोट्या लेथमधल्या सुधारणा' असल्या मोघम नावाखाली सोनं दडलेलं असतं. लेखकाच्या नावानं शोधायचं तर टोपणनावं माहीत हवीत. 'ड्युप्लेक्स' हे एक माणूस नव्हे, दोघे जण: इयन ब्रॅडली आणि डॉ. नॉर्मन हॅलोज. एडगर वेस्टबरी 'नेड' आणि 'आर्टिफिसर' या नावांनीही लिहीत.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: लेख सापडला की पुढच्या सहा-आठ अंकांतला वाचकांचा पत्रव्यवहार बघितल्याशिवाय धातूला हात लावू नका. आकृतीतलं चुकलेलं माप, उलटा दाखवलेला आटा, 'मी असं केलं आणि जाम झालं' हे सगळं तिथे छापून यायचं. झेरॉक्स काढणारे नेमकं तेच वगळतात.

विन्या_लेस्टर
+१. त्यात एक भर. बांधीव खंड विकत घेताना विचारून घ्या की जाहिरातींची पानं आहेत का. बाइंडिंग करताना पुष्कळ जण मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकत. लेख शाबूत राहतो, पण मशीनचं वय ठरवायला जाहिरातीच लागतात.

चिमटा
म्हणजे आपण यूट्यूबवर जाहिराती वगळायला पैसे मोजतो आणि तुम्ही जाहिराती मिळाव्यात म्हणून मोजता.

सौ_मायक्रोमीटर
स्कॅन केलेल्या प्रतींत शोधताना ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं यंत्र) दगा देतं, त्याचे नमुने देऊन ठेवते.

त्या काळी एम आणि एल या अक्षरांपुढे टिंबं देत, त्यामुळे टिंबांसह आणि टिंबांविना असं दोन्ही टाका. सातचा आकडा यंत्राला 'टी'सारखाही दिसतो. साडेतीन इंची लेथ असा शोध तर वायाच जातो, कारण अर्ध्याचा एकत्र छापलेला अपूर्णांक ओसीआरला चार वाटतो आणि 'साडेतीन इंच'चे 'चौतीस इंच' होतात. मी सरळ ३४ टाकून शोधते. निकाल हसण्यासारखे येतात, पण येतात. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्दही बघा. 'हेड' एका ओळीत आणि 'स्टॉक' पुढच्या ओळीत असेल, तर 'हेडस्टॉक' कधीच सापडणार नाही.

शब्दही बदलून बघायला हवेत. ज्याला आपण स्पिंडल म्हणतो त्याला जुने ब्रिटिश लेखक मॅन्ड्रेल म्हणतात. हाफनटला क्लास्पनट. अमेरिकन मासिकांत सॅडलऐवजी कॅरेज आणि टॉपस्लाइडऐवजी कंपाउंड. धागाकर्त्यांच्या लेखासाठी 'रुंद गाइड' हा शब्द शोधण्यापेक्षा 'अरुंद गाइड' शोधा. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तक्रार असते ती अरुंद गाइडबद्दल.

काटेकोर
शेवटच्या वाक्याला दंडवत. हे मलाही सुचलं नव्हतं.

टर्नर_ठाकूर
नवीन सभासद. अरुंद-रुंद म्हणजे काय ते कुणी सांगेल का? आमच्याकडचा लेथ व्ही-बेडचा आहे.

गंजमित्र
एमएल७चा बेड म्हणजे दोन सपाट पट्ट्या, पुढची शिअर आणि मागची शिअर. १९४६-४७च्या मूळ रचनेत सॅडलला सरळ चालवण्याचं काम एकटी पुढची शिअर करते. तिच्या पुढच्या बाजूला जिब आणि आतल्या बाजूला सॅडलची कड. जिब आवळली की सॅडल तुमच्याकडे ओढलं जातं आणि ती कड शिअरच्या आतल्या बाजूवर टेकते. काम बहुतेक चकजवळच चालतं, म्हणून झीज तिथेच. हे झालं अरुंद गाइड.

रुंद गाइडमध्ये जिब तिथेच राहते, पण टेकायची जागा बदलते. मागच्या शिअरच्या मागच्या उभ्या बाजूसमोर सॅडलला फट असते. त्या फटीत सॅडलला एक पट्टी चिकटवायची. आता जिब आवळली की ही पट्टी मागच्या शिअरवर टेकते. ती बाजू आयुष्यात कधी वापरलीच गेलेली नसते, त्यामुळे ती कोरी. सत्तरच्या दशकात कारखान्यानं स्वतःच नव्या मशीनना ही पद्धत लावली.

अडीच थाउनं एवढा काय फरक पडतो, असं वाटेल. आडवी झीज पूर्ण कामात उतरते. हत्यार ०.०६ मिमी पुढे सरकलं की व्यास ०.१२नं बदलला. उभी झीज तेवढीच असेल तर २० मिमीच्या दांड्यावर व्यासात मायक्रॉनचाही फरक पडत नाही, कारण हत्यार तिथे गोलाच्या स्पर्शरेषेवरून खाली सरकतं. म्हणून आधी उभ्या बाजू, वरचा पृष्ठभाग नंतर. लोखंडे मास्तरांचं ग्राइंडिंग उलट्या टोकाकडून सुरू होतं.

लोखंडे_मास्तर
मान्य. पण एवढं समजल्यावर लेख हवाच कशाला? पट्टी चिकटवा आणि मोकळे व्हा.

काटेकोर
कारण 'पट्टी चिकटवा' या दोन शब्दांत तीन ठिकाणी चुकता येतं. पट्टी फटीइतकीच जाड घेतली तर जुनी कडही टेकत राहते आणि दोन ठिकाणी टेकणारं सॅडल बेडच्या मध्यावर अडकतं. फार जाड घेतली तर सॅडल मागे सरकतं आणि हाफनट लीडस्क्रूला एका बाजूनं घासतात. आणि पट्टी तिरकी बसली तर क्रॉसस्लाइडचा (सॅडलवर आडव्या सरकणाऱ्या भागाचा) काटकोन गेला. हे तिन्ही तुम्हाला पट्टी वाळल्यावरच कळतं.

गंजमित्र
क्रम असा ठेवा. सॅडल पूर्ण टेलस्टॉकच्या टोकाला न्या, तिथे शिअर न झिजलेली असते. जिब आवळा. मागची फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) दोन्ही टोकांना मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. वेगळे आले तर सॅडलची स्वतःची कड झिजली आहे, आणि ती आधी खरवडून सरळ करावी लागेल. पट्टी गेज प्लेटची (नेमक्या जाडीच्या ग्राइंड केलेल्या पोलादाची) घ्या, फटीपेक्षा दोन-तीन थाउ जाड, म्हणजे जुनी कड सुटी होते. एवढ्यानं हाफनटला त्रास होत नाही. उलट झिजेमुळे पुढे आलेलं सॅडल मूळ जागी जातं.

सॅडलची बाजू एमरीनं खरबरीत करा, ॲसिटोननं दोनदा पुसा, सावकाश वाळणारं इपॉक्सी लावा. पाच मिनिटांचं नको, तेलानं ते सुटतं. मागच्या शिअरवर मेणाचा हात फिरवा, नाहीतर सॅडल बेडला कायमचं चिकटेल. मग सॅडल चढवून जिब हलक्या हातानं आवळा आणि चोवीस तास विसरून जा.

तपासायचं असं. सहा इंची ओतीव डिस्क चकमध्ये धरून फेसिंग करा (तिचा समोरचा चेहरा कापून सपाट करा), त्यावर सरळ मोजपट्टी आडवी ठेवून बघा. मध्यभाग किंचित खोल असेल तर उत्तम. एखाद-दुसरा थाउ फुगलेला असेल तर चिकटवलेली पट्टी काढा. बहिर्गोल फेस ही लेथनं दिलेली शिवी आहे.

चिमटा
वाचनखूण साठवली. शिवीसकट.

उद्यमनगरी
विषयांतर करतो, माफी असावी. जुन्या लेखांतली मापं आपल्याकडे उतरवताना आट्यांवर घोटाळा होतो. लेखात 'शून्य बीए' (बीए म्हणजे जुना ब्रिटिश बारीक आटा) असेल तर त्याचा व्यास ६ मिमी आणि पिच १ मिमी, हुबेहूब एम६सारखा. पण कोन ४७.५ अंशांचा, एम६चा ६०. बोल्ट दोन-तीन फेरे जातो, मग जड होतो आणि ओतीव लोखंडातला आटा खातो. दोन बीए म्हणजे ४.७ मिमी, पिच ०.८१. तिथे एम५ घालायचा मोह होतो, घालू नका. पाव इंची बीएसएफला (ब्रिटिश फाइन आट्याला) इंचाला २६ आटे, पाव इंची व्हिटवर्थला २०. मायफोर्डवर बीएसएफ आणि बीए भरपूर आहेत. मुंबईत नागदेवीला बीएचे टॅप मिळून जातात, पण तीनचा संच घ्या, सुटा टॅप नको.

आकृती प्रथम कोन प्रक्षेपणात आहे की तृतीय कोनात (कोणत्या बाजूचं चित्र कुठे काढायचं याच्या या दोन पद्धती), हेही आधी बघा. ब्रिटिश मासिकांत बहुधा प्रथम कोन, अमेरिकन मासिकांत तृतीय. तेवढ्या चुकीनं डावा ब्रॅकेट उजवा ओतून येतो. इथे फाउंड्रीत पॅटर्न द्यायच्या आधी आम्ही आकृतीवर लाल पेननं 'इकडून बघणे' असा बाण काढतो.

आणि झेरॉक्सवरून पट्टी लावून माप कधीच घेऊ नका. प्रत काढताना कागद एक-दोन टक्क्यांनी लहानमोठा होतो. लिहिलेलं माप तेवढं खरं.

टर्नर_ठाकूर
आमच्या एका मित्राकडे ड्रमंडचा एम टाइप लेथ आहे. त्याचे लेख याच मासिकात?

काटेकोर
हो, पण अनुक्रमणिकेत दोन्ही नावांखाली बघा. ड्रमंड बंधू गिल्डफर्डचे. युद्धकाळात एम टाइपचं उत्पादन नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला मायफोर्डकडे गेलं. त्यामुळे तोच लेथ एका लेखात ड्रमंड असतो आणि दुसऱ्यात मायफोर्ड.

सौ_मायक्रोमीटर
अमेरिकन मशीन असेल, साउथ बेंड वगैरे, तर काम सोपं आहे. 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चे १९०५पासूनचे अंक गुगल बुक्सवर पूर्ण वाचता येतात. पाक्षिक-साप्ताहिक ब्रिटिश मासिकांचं तसं नाही. हाथीट्रस्टवर (ग्रंथालयांच्या स्कॅनच्या साठ्यावर) मजकूर बंद असतो, पण आत शोधता येतं आणि कोणत्या खंडात कोणत्या पानावर शब्द आहे ते दिसतं. मजकूर दिसत नाही म्हणून लोक खिडकी बंद करतात. अहो, खंड आणि पान मिळालं की निम्मी लढाई जिंकली, पुढचं काम ग्रंथालयाचं.

विन्या_लेस्टर
ग्रंथालयासाठी दोन जागा. ब्रिटिश लायब्ररी, आणि लंडनची सोसायटी ऑफ मॉडेल अँड एक्स्परिमेंटल इंजिनिअर्स. ही संस्थाही १८९८चीच, तिचं स्वतःचं ग्रंथालय आहे आणि ते सभासदांना खुलं असतं. पत्र लिहिताना 'मायफोर्डबद्दल काही आहे का' असं विचारू नका. खंड, अंक, पान, एवढंच लिहा. आणि आपल्याला हवं त्याच्या पुढचं एक पान जास्तीचं मागा. आकृतीचा उरलेला तुकडा बहुतेक वेळा तिथे गेलेला असतो.

रंधा
कुणाकडे पीडीएफ असेल तर इथेच टाका ना. एवढी शोधाशोध कशाला?

संपादक मंडळ
टाकू नये. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं आणि भारतात ६० वर्षं हक्क राहतो. सत्तरच्या दशकातले लेख अजून हक्कात आहेत. खंड-पानाचे तपशील खुशाल द्या. स्कॅन असलेले दुवे उडवले जातील.

रंधा
मग 'ड्युप्लेक्स'चं काय? टोपणनावाला मृत्यू कुठला?

काटेकोर
चांगला प्रश्न. भारतात टोपणनावाच्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. पण ती माणसं कोण हे उघड झालं असेल तर मोजणी मृत्यूपासून होते. ड्युप्लेक्सचं गुपित केव्हाच फुटलं आहे. तेव्हा पळवाट बंद.

वाचक_नं_१
आपल्याकडे असं मासिक नव्हतं का?

उद्यमनगरी
नागपूरचं 'उद्यम' होतं. किर्लोस्कर मासिकाची सुरुवातही १९२० साली कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' म्हणून झाली. पण लेथच्या सॅडलला पट्टी कशी चिकटवावी यावर तीन भागांची लेखमाला आणि नंतर चार महिने वाचकांची हमरीतुमरी, हा प्रकार इंग्रजांचाच.

चिमटा
हमरीतुमरी आपण इथे भागवतोय की.

सौ_मायक्रोमीटर
मूळ प्रश्नाकडे येऊ. @खराद_बहाद्दर, तुमच्या पानाच्या पाठीमागे जाहिराती आहेत म्हणालात. त्यांतल्या किमती कशा छापल्यात? पौंड-शिलिंग-पेन्स की दशांश?

खराद_बहाद्दर
दशांश. एका चकची किंमत पौंडात, पुढे टिंब आणि दोन आकडे. एका जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'व्हॅट ८ टक्के मिळवा' असं दिसतं. भिंग लावून वाचलं.

सौ_मायक्रोमीटर
मग सापडलाच म्हणा. ब्रिटनमध्ये दशांश नाणी १५ फेब्रुवारी १९७१ला आली, म्हणजे पान त्यानंतरचं. व्हॅट १ एप्रिल १९७३ला आला तो १० टक्क्यांनी. ८ टक्के झाला जुलै १९७४च्या अखेरीस आणि जून १९७९मध्ये १५ झाला. तुमचं पान या पाच वर्षांतलं आहे.

काटेकोर
शाब्बास. त्यावर माझे दोन आणे. हे 'मॉडेल इंजिनिअर' असेल तर तेव्हा ते महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शुक्रवारी निघायचं आणि खंड वार्षिक होता. अंकाला पन्नासेक पानं धरली तर ७४३वं पान पंधराव्या अंकात पडतं, म्हणजे ऑगस्टचा पहिला अंक. पानं कमी-जास्त असतील तर जुलै ते सप्टेंबर. भाग १ त्याच्या मागच्या एक-दोन अंकांत असायला हवा. १९७४ ते १९७९ अशा सहा अनुक्रमण्या झाल्या, पण १९७९चा ऑगस्ट बाद, कारण तोवर १५ टक्के झाले होते. म्हणजे पाचच उन्हाळे तपासायचे.

विन्या_लेस्टर
पाचच उन्हाळे, आणि ऑगस्ट ७४च्या जाहिराती जुलैत छापायला गेलेल्या असणार, तेव्हा दर अजून १० टक्केच होता. म्हणून पहिल्यांदा ७५ ते ७८ बघा.

गंजमित्र
लेख येईपर्यंत मागच्या फटीचं माप तरी घेऊन ठेवा.

खराद_बहाद्दर
७५ ते ७८च्या अनुक्रमण्यांसाठी पत्र पाठवलं. खंड-पान सोडून एक शब्द जास्त लिहिला नाही.

फट घेतली. सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला, जिब आवळलेली. हेडस्टॉककडच्या बाजूला ६५ थाउ, टेलस्टॉककडच्या बाजूला ६४.

गंजमित्र
एक थाउचा फरक फीलरच्या पात्यांवरची घाण असू शकते. पाती पुसून, प्रत्येक टोकाला तीनदा घ्या. तरी फरक राहिला तर सॅडलच्या कडेला निळा रंग लावून ती कुठे टेकते ते बघा. बाजारात १/१६ इंची, म्हणजे साडेबासष्ट थाउची गेज प्लेट मिळते, ती तुम्हाला कमी पडेल. एक सूत (१/८ इंच) जाडीची घेऊन ६७वर ग्राइंड करून आणा.